यातली बूर कोणती

शूका : काकू, जरा खाली बसता का? तुम्ही उभ्या राहिलात की सगळा थवा पलीकडच्या कडेला सरकतोय.

गदाअली : काकू कोण?

शूका : अगबाई, मिशा. माफ करा हं काका. पाठमोरं बघून मला वाटलं, कुणी बाई भाजी धुवायला आलीये.

गदाअली : तसंच वाटावं म्हणून तर घेतलीये डोक्यावरून. बायकोची अंगभर घ्यायची चादर आहे.

शूका : लपताय का कुणापासून?

गदाअली : लपायचं असतं तर एवढी भडक गुलाबांची घेतली असती का? बदकांसाठी घेतलीये. तू कोण? सरकारी माणूस?

शूका : नाही हो. बाबोलला औषधांच्या दुकानात असते. सुट्टी मिळाली की तळ्यांवर पक्षी बघत हिंडते. शूका माझं नाव.

गदाअली : नुसते बघतेस?

शूका : नुसते बघते.

गदाअली : धरत नाहीस, खात नाहीस. मग बघून झाल्यावर काय करतेस?

शूका : घरी जाते.

गदाअली : असू दे. माझं नाव गदाअली. मशहदची यात्रा करून आलोय, गाव मला मश्दी म्हणतं. तेव्हा या चादरीचं गावात बोलू नकोस. त्या दुर्बिणीतून पलीकडच्या कडेचं दिसतं?

शूका : चोचीवरचा चिखलसुद्धा दिसतो.

गदाअली : मग मला एक बदक शोधून दे. मादी आहे. तपकिरी.

शूका : काका, समोर शेकड्यांनी बसल्यात. हिरव्या डोक्याचे ते नर, आणि माद्या झाडून सगळ्या तपकिरी.

गदाअली : हिच्या पंखावर निळी पट्टी आहे.

शूका : सगळ्यांच्याच असते.

गदाअली : चालताना डुलते.

शूका : बदक आहे ते, काका.

गदाअली : बूर तिचं नाव.

शूका : नाव? म्हणजे पाळलेली? मग घरचं बदक या थव्यात काय करतंय?

गदाअली : कामच ते तिचं. त्या उंच लव्हाळ्यामागं आमचं सापळ्याचं तळं आहे. हिवाळाभर पाळलेल्या माद्या सोडायच्या. त्या वर जाऊन परक्या थव्यात मिसळतात. भाताच्या दाण्यासाठी घरी वळल्या की थवा त्यांच्या मागोमाग खाली येतो. मग मी जाळं ओढतो.

शूका : ठाऊक आहे मला. म्हणून त्या तळ्याकडं मी फिरकत नाही. स्वतःच्याच जातीला फसवायला शिकवता तुम्ही त्यांना. मला राग येतो त्याचा.

गदाअली : ये म्हणावं रागाला. पण बूर शोधून दे.

शूका : हरवली कशी?

गदाअली : माझ्या गाढवपणानं. डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं, वसंतातला नवरोजचा सण जवळ आला, की पाळलेली मादी खुराड्याबाहेर काढायची नसते. परक्या थव्याला उत्तरेची ओढ लागलेली असते, त्यांच्या नादानं तीही जाते. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं हे. आणि मी सोडली.

शूका : पण का?

गदाअली : घरात कुणी नव्हतं म्हणून. खैरीचं, माझ्या बायकोचं, मांडीचं हाड मोडलं. सारी शहरात शस्त्रक्रिया झाली, आता तिथंच मुलीकडं आहे. रिकामं घर खायला उठतं बघ. वाटलं, बूरला एकदा उडवू. ती परत आली की कुणीतरी घरी आल्यासारखं वाटेल. ती गेली ती गेलीच.

शूका : काकूंना सांगितलंत?

गदाअली : तिथंच तर घोळ झालाय. रोज फोन करते. आधी विचारते, बूर काय करतेय. मग विचारते, तुम्ही जेवलात का. पहिल्या दिवशी घाबरून म्हणालो, बूर मजेत आहे. मग रोज तेच म्हणावं लागलं. काल तर सांगितलं, अंडं घातलं.

शूका : अंडं कशाला घालायला लावलंत?

गदाअली : बोलण्याच्या भरात. आणि उद्या खैरी घरी येतेय. काठी टेकत आधी खुराड्याशी जाईल ती. बूरला अंड्यातून बाहेर आल्यापासून पदराखाली वाढवलीये तिनं. हाड मोडल्यावर रडली नाही, पण याला रडेल. ते मला बघवणार नाही.

शूका : तुम्हाला स्वतःचं बदक ओळखता कसं येत नाही?

गदाअली : जाळं मी ओढायचो. दाणे, हाका, दुखलंखुपलं, सगळं तिचं. खुराड्यात मला कळतं. कोपऱ्यात बसते ती बूर. इथं पाण्याला कोपराच नाही.

शूका : मग हाक तरी मारून बघा.

गदाअली : सकाळपासून तेच करतोय. सिकाऽ, सिका, सिका, सिकाऽऽ.

शूका : सगळे आणखी लांब गेले. तुमच्या आवाजाला माणूससुद्धा पळेल. काकूंसारखं बारीक काढा.

गदाअली : तूच काढ. ही घे चादर.

शूका : मी?

गदाअली : बाई आहेस ना?

(शूका चादर डोक्यावरून घेते आणि काठाशी उकिडवी बसते.)

शूका : सिका, सिका, सिकाऽ. काका, एकीनं मान वर केली.

गदाअली : तीच ती.

शूका : थांबा. आणखी एकीनं केली. तिकडं लव्हाळ्यापाशी तिसरीनं पण.

गदाअली : तीन कशा? बूर एकच आहे.

शूका : यातली कोणती?

गदाअली : मला काय विचारतेस? दुर्बीण तुझ्याकडं आहे.

शूका : अर्ध्यावर येऊन थांबल्या. माझ्याकडं बघतायत, पण पुढं येत नाहीत. असं मी पूर्वीही एकदा बघितलंय. गेल्या वर्षी, याच सुमाराला, पलीकडच्या गावच्या तळ्यावर. मी फुलाफुलांचा रुमाल बांधला होता. एक मादी थव्यातून निघून सरळ माझ्या बुटापर्यंत आली. चांगलं जंगली बदक. आमच्या पक्षीवाल्या मंडळींना सांगितलं, तर म्हणाले, तुझ्या दुकानातलं औषध तूच घेत जा.

गदाअली : ती बूर नव्हती. गेल्या वर्षी बूर घरात होती.

शूका : मग कोण होती?

गदाअली : मला आपल्याच बदकाचं कळेना, तुझ्या बदकाचं काय सांगू? फोन वाजतोय. खैरीचाच असणार. चादरीच्या गाठीत आहे, बंद कर तो, या परत उडतील.

शूका : कुठलं बटण? अहो, हा उचलला गेला. मोठ्या आवाजावर लागला.

खैरी : मश्दी?

शूका : नाही. मी, म्हणजे, ते इथंच आहेत.

खैरी : तू कोण गं? मश्दींच्या फोनमध्ये बाई कुठून आली?

शूका : मी पक्षी बघायला आलेय, काकू.

खैरी : आमच्या घरात?

गदाअली : मी आहे, खैरी. घरीच आहे. शेजारची पोरगी आलीये जरा.

खैरी : घरात पाण्यातले चांदवे कधीपासून ओरडायला लागले? तळ्यावर आहात तुम्ही. या दिवसांत तळ्यावर काय काम काढलंत?

गदाअली : खैरी, बसलीयेस ना? पडून असशील तर पडूनच राहा. बूर गेली. मी सोडली तिला, थव्याबरोबर गेली. मजेत आहे म्हणालो ते खोटं होतं. अंडंही खोटं.

खैरी : कधी सोडलीत?

गदाअली : तुला सारीला नेलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात. काय वाटलं कोण जाणे. रड, शिव्या घाल, पण बोल.

खैरी : रडत नाहीये. ती गेली तेव्हा नराबरोबर होती का?

गदाअली : मी बघितलं नाही.

खैरी : तुम्ही कधी काय बघितलंत? तिथं या बाईशिवाय कोण आहे?

गदाअली : कुणी नाही. तुझी चादर घेतलीये तिनं. मघाशी मी घेतली होती.

खैरी : माझी गुलाबांची? तुम्ही? देवा, हसवू नका, टाके दुखतात. आता तिच्याकडून घ्या, नीट डोक्यावरून घ्या, खाली बसा आणि भाताचे दाणे मांडीवर पसरा. आणलाय ना भात?

गदाअली : खिशात आहे.

खैरी : तो फोन पाण्याकडं करा. आणि तोंड बंद ठेवा. सिका, सिका, सिका, सिकाऽऽ. या गं बायांनो. सिकाऽऽ.

शूका : निघाली एक. दोन. त्या मागच्या तिघीही. काका, हलू नका.

गदाअली : खैरी, अगं, पाच आल्यात.

खैरी : पाचच? बरं. दोघी आणखी कुठं गेल्या असतील.

गदाअली : म्हणजे काय? मी एक हरवली आणि आल्या पाच. मांडीवर चढून खातायत. यातली बूर कोणती?

खैरी : आधी हे सांगा, कुणी पाय ओढत चालतेय का?

शूका : हो, एक लंगडतेय.

खैरी : ती मारजान. आली पोर माझी.

गदाअली : मारजानला कोल्ह्यानं नेलं. तूच सांगितलंस मला.

खैरी : सांगितलं खरं.

गदाअली : मी त्या कोल्ह्याचं बीळ शोधत रान तुडवलं, खैरी. आणि तिच्यानंतरची, ती सैफुल्लाच्या कुत्र्यानं खाल्ली.

खैरी : तसं मी नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात. मी फक्त गप्प बसले.

गदाअली : सैफुल्लाशी मी तेव्हापासून बोलत नाही. लागून घर त्याचं.

खैरी : ठाऊक आहे. त्याची बायको आणि मी लसणाचं लोणचं खात त्यावरच हसतो.

गदाअली : मला काही उमगेना. कुणी नेलं होतं मग यांना?

खैरी : मीच सोडलं. दरसाल हंगाम संपताना जी सगळ्यांत थोरली, तिला. हिवाळाभर ती थव्याबरोबर उडायची, मग त्यांनाच आणून तुमच्या जाळ्यात घालायची. संध्याकाळी खुराड्यात चोच पंखात खुपसून बसायची. तुम्ही नेहमी कोपऱ्यात बसते म्हणता ना, ती तेव्हाच कोपऱ्यात बसते. मला बघवायचं नाही. म्हटलं, एकदा तरी तिला त्यांच्याबरोबर खरोखर जाऊ दे. थंडीत थव्याबरोबर त्या इकडं परत येतातच.

गदाअली : मला का नाही सांगितलंस?

खैरी : सांगितलं असतं तर सोडू दिलं असतंत?

गदाअली : नसतं.

शूका : काकू, गेल्या वर्षी माझ्या बुटापाशी एक आली होती. म्हणजे मी वेडी नव्हते.

खैरी : तू नाहीस गं. फुलाफुलांचं कापड दिसलं असेल तिला.

गदाअली : मग रोज मला बूर काय करतेय विचारत होतीस, ते?

खैरी : यंदा तिची पाळी होती, आणि मी इथं पाय बांधून पडले. वाटायचं, तुमच्या हातून दार उघडं राहील, एखाद्या दिवशी म्हणाल, गेली. आणि तुम्ही रोज सांगायचात, मजेत आहे. काल अंडं घातलं म्हणालात तेव्हा मी जेवले नाही.

गदाअली : थांब, थांब. मग मी चुकलो की नाही चुकलो?

खैरी : चुकलातच. पण या वेळी बरं चुकलात.

शूका : काकू, एक जण दाणे सोडून चादरीची कड ओढतेय.

खैरी : तीच बूर. लहानपणापासून खोड आहे तिची.

गदाअली : बूर. ही होय. अगं, हिच्या पंखावर निळी पट्टी आहे, मी सांगतच होतो. खैरी, हाताला लागतेय अगदी. धरू का?

खैरी : तुमच्या मनात काय आहे?

गदाअली : कळत नाही. तू म्हणतेस ते पटतंय, आणि हात पण पुढं जातोय. नवरोजला घर भरलेलं असावं असं वाटतं.

खैरी : मी येतेय ना उद्या.

गदाअली : हो. येतेयस.

शूका : पाण्यात एक हिरव्या डोक्याचा थांबलाय, काका. इकडंच बघतोय.

खैरी : थांबू दे त्याला. मश्दी, आता ती चादर काढून खांद्यावर टाका. तुमचं टक्कल दिसलं की आपोआप उडतील.

गदाअली : काढतो गं. खाऊन होऊ दे त्यांचं.