त्रापानीचा मुक्काम

"निन्फामावशी गेल्याचं कळलं, त्याच दिवशी मी ठरवलं, यंदा त्रापानीचा मुक्काम रद्द."

एन्नाच्या बसथांब्यावर म्हाताऱ्या सारीनोच्या पुढे एक भाऊ-बहीण सिसिलीभोवतीची उन्हाळी सहल ठरवत होते. सारीनोच्या कोटाला बायकोच्या दुखवट्याचं काळं बटण होतं.

"रद्द का रे, तुरी?"

"ताई, तिथे आता रांधणार कोण? रव्याचं कुसकुस मावशीच हाताने वळायची. पालेर्मोहून थेट आग्रिजेंतोला जाऊ."

"आणि मावशीमागे एकटे राहिलेले काका?"

"काकांना साधी कॉफी करता येत नाही."

"म्हणूनच विचारतेय! दर उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर लोळलास, माशाचा रस्सा मागून मागून प्यायलास. मावशी गेली म्हणून घरही गेलं का?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! दुखवट्याच्या घरी शेजारीसुद्धा जेवण पोचवतात. आपण सख्खे भाचे, आपण काय पोचवलं?"

"जाऊन बोलायचं काय? ते नुसते बसून राहतात."

"मग तूही बस नुसता!"

"आपण सहलीला निघालोय, ताई, रडायला नाही."

"लाज वाटू दे जरा!"

तुरी मागे वळला. "तुम्हीच सांगा, आजोबा. अशा घरी पाहुणे म्हणजे त्रासच ना?"

"माझ्याकडे अजून कुणी आलं नाही," सारीनो म्हणाला. "आलं की सांगतो."

बस आली. दोघं चढले. सारीनो त्यांच्या मागच्या बाकावर बसला.

"काकांना फोन कर, तुरी."

"तू थोरली. तू कर."

"मी काय बोलू त्यांच्याशी?"

बस घाट उतरून गेली, तरी फोन कुणीच केला नव्हता.