आसारामकाकांची राखण

सन्माननीय अध्यक्ष विठ्ठलराव, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आज सेवानिवृत्त होत असलेले आमचे फिटर आसारामकाका, आणि दूध संघातल्या माझ्या सोबत्यांनो, सर्वांना जमीलचा आदाब आणि नमस्कार.

काकांनी शीतकरणाची मशिनं कशी सांभाळली, ते धर्मराजसाहेबांनी आत्ताच सांगितलं. मी वेगळं बोलणार आहे. काकांनी मान खाली घातलीय. त्यांना हे रुचणार नाही. पण आज नाही बोललो, तर कधी बोलू?

दुष्काळात आष्टीकडची जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, आम्हा हेल्परांना काम उरलं नाही. मी आणि काकांचा मुलगा सिदू, दोघं नशेच्या गोळ्यांना लागलो. काकांनी आम्हाला बीडच्या डॉक्टरांकडे नेलं. परतताना एसटीत म्हणाले, "गोळी सोडवायला डाक्टर हाय. पन मनाला राखायला आपापला देव लागंल. सिदू, तू माळ घाल. जमील, तू नमाज धर."

सिदूनं तुळशीची माळ घातली. मी मशिदीत जाऊ लागलो, पण मागच्या दारानं पळायचो. मग काका रोज संध्याकाळी मशिदीच्या पायरीवर माझ्या चपला धरून बसू लागले. एका हिंदू माणसाला तिथं बसलेलं पाहून लोक हसायचे. काका हलले नाहीत.

माळ घातल्याच्या आठव्या महिन्यात एका संध्याकाळी, काका माझ्यासाठी पायरीवर बसलेले असताना, सिदूनं माळ काढून खुंटीला अडकवली आणि घराबाहेर पडला. दुसऱ्या दिवशी तो छावणीमागं सापडला. अंगात जीव नव्हता, मुठीत गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं.

दहावं झालं त्या संध्याकाळी काका पुन्हा पायरीवर! मी रडत विचारलं, "काका, आज कावून आलात?"

म्हणाले, "सिदूच्या गळ्यात माळ हाय, म्हनून मी निर्धास्त ऱ्हायलो. त्याच्याजवळ बसलोच न्हाई. आता तुला तरी एकटं सोडत न्हाई."

त्यानंतर काका देवळात गेले नाहीत. मी मात्र पाचही वक्त नमाज पढतो, नऊ वर्षं गोळीला शिवलो नाही. दुआ मागताना सिदूचं नाव आधी येतं.

सिदूची आई, रुक्मिणीकाकू समोर बसल्या आहेत. सिदू घराबाहेर पडला त्या संध्याकाळी काका माझ्या चपलांजवळ नाही, त्यांच्या मुलाजवळ असायला हवे होते, हे मला कळतं. काकूंनी एकदाही बोलून दाखवलं नाही. ईदला माझ्याकडचा शिरखुर्मा घेतात आणि आत जातात.

संघानं बोलू दिलं, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. काकू, तुमच्याकडे मात्र मला वेगळी माफी मागायची आहे, आणि ती कोणत्या शब्दांत मागावी, ते मला अजून समजलेलं नाही.