क्रुसाचं वजन

दवाखान्याच्या खिडकीमागे कंपाउंडर गोळ्यांच्या पुड्या बांधत होता, पण कान रांगेतल्या दोघींकडे लागले होते. पुढे चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुख ताई, मागे त्याच वृंदात गाणारी एक सून.

“काय गं, सरावाला तीनदा दांडी! नाव कमी करू का तुझं?”

“नको हो ताई, गाण्यावाचून जीव गुदमरतो माझा. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. तासातासाला कूस बदलावी लागते.”

“ख्रिस्तासाठी वेळ काढावाच लागतो. या वेळचं गाणंच आहे क्रूस वाहण्यावर!”

“तुमचा किती वजनाचा, ताई? माझा साठ किलोंचा आहे, आणि चहात साखर कमी पडली की शिव्याही देतो.”

“टिंगल नको. प्रभू बघतोय.”

“म्हणून तर गात गात उचलते त्यांना. त्याही साथ देतात, अगदी बेसूर.”

“ते राहू दे. शनिवारी सरावाला येतेस ना?”

“येते की! तेवढे दोन तास तुम्ही त्यांच्यापाशी बसा. कूस बदलायची, चादर भरली तर धुवायची.”

कंपाउंडरचा हात थांबला.

“अगं… नाव राहू दे तुझं. सराव काय, घरीच कर की!”