इंदूरच्या सरांविरुद्धचा अर्ज

अर्जावर पहिली सही कधी करू नये यार, हे माझ्याकडून ऐकून ठेवा.

आमचं आणि इंदूरचं संस्थान एक होऊन मध्यभारत झाला आणि आमच्या कॉलेजात फिजिक्सला इंदूरहून दुबे सर आले. नोकरी अजून कच्ची होती त्यांची. ते म्हणायचे, "धडा घरून वाचून या, वर्गात आपण गणितं करू." हे खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आमच्या घरी काकांना कळलं. दरबारची नोकरी गेल्यापासून काकांना इंदूरचं नावही सोसत नव्हतं. स्वतः त्यांनी दरबारात बसून माशा मारल्या, ते सोडा.

"पगार तो घेणार आणि शिकायचं तुमचं तुम्ही? लिही अर्ज, की सर शिकवतच नाहीत," काका म्हणाले. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. माझ्यामागून सगळ्या वर्गाने सह्या केल्या.

चौथ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेब अर्ज घेऊन वर्गात आले. दुबे सर फळ्यापाशी उभे होते. साहेबांनी मलाच उठवून एक अवघड गणित घातलं. मी ते खटाखट सोडवलं.

"अच्छा है. किसने सिखाया?"

तिथे सरांचं नाव घेतलं असतं तर त्यांची नोकरी वाचली असती. पण मग अर्ज खोटा ठरला असता, आणि काका घरी बसलेच होते.

"किसी ने नहीं, साहब. घर पे खुद पढ़ा."

साहेबांनी अर्जावर काहीतरी लिहिलं. दुबे सर मात्र खडू ठेवून माझ्याजवळ आले आणि माझी पाठ थोपटली.

"शाबाश बेटा. बस, यही तो चाहता था मैं."

सोमवारी नवे सर आले. त्यांच्या तासाला मी गेलो नाही, आणि नंतर कुठल्याच तासाला.