काढलेल्या लॉकची खूण राहत नाही

मी, स्नेहल केरू पेखळे, वय २७ वर्षे, शिक्षण बी.ई. कॉम्प्युटर, व्यवसाय नोकरी, राहणार पेखळे मळा, मखमलाबाद, नाशिक. पोलीस ठाण्यातून बोलावणे आल्यावरून आज स्वतः हजर राहून महिला पोलीस हवालदार योगिनी खैरनार यांच्यासमोर सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर आईवडिलांसोबत राहते. वडिलांची फुलशेती आहे. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत चार वर्षांपासून नोकरीस आहे. पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या प्रेस मशीनचे कंट्रोल पॅनेल आणि त्यातील प्रोग्रॅम कंपनी तयार करते. कंपनीच्या शेडमध्ये स्वतःच्याही काही प्रेस आहेत.

माझे काम प्रोग्रॅम लिहिण्याचे नाही. प्रोग्रॅमच्या फाइली सांभाळण्याचे आहे. सर्व फाइली सर्व्हरवर एकत्र असतात. इंजिनिअर फाइलची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर घेतो, बदल करतो आणि सर्व्हरवर जमा करतो. जमा करताना त्याचे नाव, वेळ आणि काय बदलले ते आपोआप नोंदले जाते. जुनी प्रत पुसली जात नाही, तीही राहते. एखादी फाइल तूर्त कोणी जमा करू नये असे असेल तर तिला लॉक लावतात. माझ्या नावाचे लॉक असेल तर ते माझ्याशिवाय कोणाला काढता येत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. शेडमधील पाने, पकडी आणि प्रेसमध्ये पत्र्याला आकार देणारे साचे म्हणजे डाय धुऊन पाटावर मांडतात आणि त्या दिवशी कोणी हत्यार हाती धरत नाही. कंपनीचे मालक भाऊसाहेब यांनी हीच रीत ऑफिसलाही लावली आहे. आमचे हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. पूजेआधी प्रत्येकाने आपल्याकडील फाइली जमा करायच्या, एकही लॉक ठेवायचे नाही, सर्व कॉम्प्युटर चालू ठेवायचे. भाऊसाहेब स्वतः फिरून प्रत्येक स्क्रीनच्या वरच्या कडेला हळदकुंकू लावतात. शेवटी माझ्या स्क्रीनवरील लॉकची यादी रिकामी दिसली की नारळ फोडतात. जो गैरहजर असेल त्याने आपला पासवर्ड उत्पादन प्रमुख महेश निकम यांच्याकडे देऊन जायचे. पासवर्ड देणे योग्य नाही, असे मी पहिल्या वर्षी लेखी कळवले होते. उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी मी लिहिले नाही.

दसऱ्याला ऑफिस बंद असते. शेड मुहूर्तापुरते उघडतात. सर्व्हरवरील सर्वांत ताजा प्रोग्रॅम प्रेसवर चढवून एक पार्ट काढतात. त्याला पहिला ठोका म्हणतात. तो मान जुन्या कामगाराला देतात.

बुद्धभूषण पगारे हा माझ्याच विभागात इंजिनिअर आहे. प्रेसमध्ये हात असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून एक सेन्सर असतो. त्या सेन्सरचा प्रोग्रॅम तो लिहितो. आमचे नाते काय, असे विचारल्यावरून सांगते की आमची टेबले शेजारी आहेत.

यंदा दसऱ्याच्या सुमारास त्याचे त्या फाइलवर काम चालू होते. टेबलावर प्रेस नसते, त्यामुळे चाचणीपुरती त्याने आपल्या कॉम्प्युटरवरील प्रतीत सेन्सरची तपासणी बंद ठेवली होती. असे सगळे करतात. त्यात गैर नाही. दरवर्षी दसऱ्याला तो आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. निघण्यापूर्वी तो मला म्हणाला, "माझा पासवर्ड निकम सरांकडे राहणार. तू या फाइलला तुझ्या नावाचं लॉक लाव. म्हणजे माझ्या नावानंही ती जमा होणार नाही." मी लॉक लावले. सोबत शेरा लिहिला, "काम अर्धवट. सेन्सर बंद आहे. सोमवारपर्यंत काढू नये." सर्व्हरवर त्या वेळी जुनी प्रत होती. तीत सेन्सर चालू होता.

खंडेनवमीच्या दिवशी निकम सर माझ्या टेबलापाशी आले. यादीत एक लॉक दिसत होते. ते कोणाचे, असे त्यांनी विचारले. मी माझे असल्याचे सांगून शेरा वाचून दाखवला. ते म्हणाले, "अगं, पूजा आहे की परीक्षा? भाऊसाहेब गेटवर आलेत. आपल्या पूजेच्या वेळी ह्याला सुट्टी, आणि वरून लॉक लावून गेलाय. काढ ते."

मी बुद्धभूषणला फोन लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. गाडी भुसावळच्या पुढे गेली होती. मी विचारले. तो म्हणाला, "काढू नको, स्नेहल. सोमवारी आलो की पहिलं तेच काम करतो." मागून त्याच्या आईने कोण आहे असे विचारले. तो म्हणाला, "ऑफिस."

हे मी निकम सरांना सांगितले. ते म्हणाले, "फाइल जमा कर म्हणतोय का मी? नुसतं लॉक काढ. यादी रिकामी दिसू दे, नारळ फुटू दे, मग लाव परत. तुझं काय जातंय?" नुसते लॉक काढल्याने सर्व्हरवरील फाइल बदलत नाही. हे बरोबर आहे आणि ते मला माहीत होते. मी लॉक काढले.

त्यानंतर रांगोळीला कोणी बाई नाही म्हणून मला खाली पाठवण्यात आले. नारळ फुटल्याचा आवाज मी खालून ऐकला. वर आले तेव्हा निकम सर बुद्धभूषणच्या खुर्चीवरून उठत होते. त्यांनी तेथे बसून काय केले ते मी पाहिले नाही, त्यामुळे सांगू शकत नाही. मी लॉक परत लावण्यासाठी माझ्या टेबलाशी गेले. सर म्हणाले, "आता कुंकू लागलं. आज हत्याराला हात नाही लावायचा. सोमवारी बघ." त्यांनी माझ्या हातात पेढा दिला. मी लॉकची यादी पाहिली, ती रिकामी होती. जमा झालेल्या फाइलींची यादी मी पाहिली नाही. ती पाहायला एक क्लिक लागते.

पूजा चालू असतानाच बुद्धभूषणच्या नावाने ती अर्धवट फाइल सर्व्हरवर जमा झालेली आहे. हे मी सोमवारी पाहिले. नोंदीत नाव येते, माणूस येत नाही. कोणत्या कॉम्प्युटरवरून जमा झाली हेही आमच्या नोंदीत येत नाही. लॅपटॉप आणि मोबाइलचे इंटरनेट असेल तर बाहेरूनही फाइल जमा करता येते. त्यावरून बुद्धभूषणने ती गाडीत बसून जमा केली, असे कंपनीचे म्हणणे आहे आणि तसा छापील कागद कंपनीने पोलिसांना दिलेला आहे.

दसऱ्याच्या दिवशी मी वडिलांसोबत नाशिकच्याच द्वारका चौकात फुले विकत होते. शेडमधील घटना मी समक्ष पाहिलेली नाही. प्रेसवर काम करणाऱ्या मैनाबाई लहानू गांगुर्डे यांना यंदा पहिल्या ठोक्याचा मान होता. मंगळवारी मी त्यांना दवाखान्यात भेटायला गेले. त्या मला म्हणाल्या, "दरसाली मी डायवर झेंडूचं फूल ठेवते. हात मधी असला की ती गुमान उभी राहते, गाईवानी. पाय खालच्या चालू करायच्या पट्टीवर पडला तरी हलत नाय. औंदा नाय राहिली." त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली आहेत. पूजेची फुले आमच्या मळ्यातील होती. कंपनीत दरवर्षी मीच देते.

मैनाबाई पुढे म्हणाल्या, "त्या पगारेनं केलं म्हणत्यात. पोरानं माझ्या त्याच्याच नावानं तक्रार दिली. मला काय ते पटत नाय. रोज जाता येता म्हणायचा, मावशी, हात सांभाळा." तेव्हा मी त्यांना लॉकचे सांगितले. ते कोणी लावले आणि कोणी काढले तेही सांगितले. पूर्वी कँटीनमध्ये त्यांनी मला एकदा विचारले होते, "ताई, तुम्ही दिवसभर करता तरी काय?" मी म्हणाले होते, जुने काही जाऊ देत नाही. ते त्यांच्या लक्षात होते. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं जुनं समदं राहतं ना? मंग काढा बरं माझी बोटं परत." आणि हसल्या. मग त्या म्हणाल्या, "हे मला काय सांगता? सांगायचं तिथं सांगा जाऊन."

त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, निकम सरांनी मला केबिनमध्ये बोलावले होते. त्यांनी विचारले, "काढलेल्या लॉकची नोंद राहते का कुठं?"

मी म्हणाले, "नाही. फाइल जमा झाली तर इतिहासात राहते. लॉक राहत नाही."

"आणि तो शेरा?"

"लॉकबरोबर जातो."

"मग झालं तर. जे कुठं दिसतच नाही ते उकरून काढून स्वतःच्या गळ्यात कशाला बांधून घेतेस? काढलं कोणी? तू. उद्या वकील पहिलं नाव तुझं घेईल. पगारेचं आम्ही बघून घेऊ, त्याला काही फाशी नाही लागत."

त्यांनी मला एक टाइप केलेला जबाब दिला. त्यात माझे नाव, वय, पत्ता बरोबर आहे. पुढे लिहिले आहे की सदर फाइलला केव्हाही लॉक नव्हते आणि पूजेच्या दिवशी माझे बुद्धभूषण पगारे यांच्याशी कामाबाबत बोलणे झाले नाही. त्यावर मी सही केलेली नाही. कागद घरी नेला आणि वडिलांना वाचून दाखवला. ते फुलांचे क्रेट धूत होते. म्हणाले, "नोकरी तुझी हे. सही बी तुझीच हे." तो कागद मी आज सोबत आणला असून या जबाबासोबत देत आहे.

हवालदार मॅडमनी विचारले की कुलूप काढले तर त्याची चावी कोठे आहे, ती जप्त करावी लागेल. मी सांगितले की चावी नसते. त्या म्हणाल्या, "चावी नाही, खूण नाही, मग ह्याचा पंचनामा मी कसला करू?" मी सांगितले की करता येणार नाही.

लॉक होते याला पुरावा काय, असे विचारल्यावरून सांगते की पुरावा नाही. मी केलेल्या फोनची नोंद फोन कंपनीकडे मिळेल, बोलणे मिळणार नाही. सर्व्हरची जी काही माहिती लागेल ती द्यायला मी तयार आहे, परंतु तीत लॉक दिसणार नाही. लॉक होते, ते बुद्धभूषण पगारे याने लावायला सांगितले होते आणि काढू नको असेही सांगितले होते, हे माझ्या सांगण्याखेरीज दुसरीकडे कोठेही नाही. म्हणून सांगत आहे.

हे सांगितल्याने माझ्यावरही कारवाई होऊ शकते, याची कल्पना मॅडमनी मला दिली आहे. ती मला आधीपासून आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. बुद्धभूषण पगारे आत्ता बाहेर बाकावर बसलेला आहे. मी येताना त्याच्याशी बोललेले नाही, तोही बोललेला नाही. त्याच्या आई सोबत आहेत. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, ती मी घेतली.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला, नंतर मी स्वतः वाचला. त्यात दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. एके ठिकाणी "कुलूप" लिहिले होते, तेथे "लॉक" केले. दुसऱ्या ठिकाणी "निकम यांनी लॉक काढले" असे लिहिले गेले होते. मॅडम म्हणाल्या, "त्यांनी काढायला लावलं म्हणजे त्यांनीच काढलं की. राहू दे ना, तुझ्याच भल्याचं आहे." मी सांगितले की त्यांनी सांगितले, काढले मी. तेथे "मी लॉक काढले" असे केले. खाडाखोड दिसते म्हणून मॅडम पान नव्याने लिहून देणार होत्या. मी नको म्हणाले. खोडलेले शब्द वाचता येतात, ते तसेच ठेवावेत. दोन्ही जागी शेजारी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.