दुसऱ्या मुलाची वाट

नाही हो, उशीर कसला, मी सकाळपासून दारातच उभी होते म्हणा ना — बसा, ती खुर्ची डुगडुगते, इकडे बसा. मुलीला आणलंत? खाली गाडीत, बाबांजवळ? झोपली असेल तर झोपू दे. टिल्लूला भेटायचंय तुम्हाला, कळलं मला, फोनवरही तुम्ही तेच म्हणालात — सांगते, आधी पाणी घ्या. डॉक्टरीणबाईंनी तुमचा नंबर दिला तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

काय झालं, टिल्लूचं रक्त तपासलं तेव्हा त्या म्हणाल्या, एका जनुकात एक अक्षर बदललंय. मग आजार त्यानंच झाला का? तर म्हणे सांगता येत नाही. तो बदल त्यांनी त्या डेटाबेसमध्ये घातला, जगभरातले डॉक्टर घालतात ना तिथं — नाव नाही, गाव नाही, नुसता बदल, मुलगा, वय सहा — आणि पुढं शेरा काय, तर ‘अर्थ अनिश्चित’. मी पोस्टात शिक्के मारणारी बाई, मला त्यातलं काय कळणार? पण पोटच्या पोराचं असलं की बसून बसून कळायला लागतं. कॉम्प्युटरचा एक प्रोग्रॅम म्हणाला हा बदल घातक, दुसरा म्हणाला काही नाही, त्या दोघांचं कधी पटलंच नाही. आणखी एका पानावर सगळ्या प्राण्यांची प्रथिनं एकाखाली एक मांडलेली — उंदीर, कोंबडी, मासा, बेडूकसुद्धा — आणि त्या जागी सगळ्यांचं अक्षर तेच, एका टिल्लूचं वेगळं. माशाला जमलं ते माझ्या पोराला जमलं नाही. हसले मी तेव्हा, काय करणार, रडून झालं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच दुसरं मूल सापडलं तर खात्रीनं काही म्हणता येईल, कुणी त्यावर कामही करील. झालं — तेव्हापासून सकाळी तोंड धुवायच्या आधी ते पान उघडायचं, त्याचा बदल टाकायचा, आणि खाली येणार, निकाल एक. तो एक म्हणजे आमचाच. आता मी वाट कशाची बघत होते, सांगा बरं? कुणाचं तरी पोर असंच चालता चालता बसावं, बोलता बोलता गप्प व्हावं, ह्याची. देवापुढं हात जोडून मागायचे. आणि परवा दिसलं — निकाल दोन. मुलगी, वय चार. मी स्वयंपाकघरात जाऊन नाचले हो. तुमच्या मुलीचं दुखणं बघून नाचले. हे सांगायचं नव्हतं तुम्हाला, निघून गेलं तोंडातून.

काय म्हणालात? आता चौदाचा असेल? हो, हिशेब बरोबर आहे तुमचा, नोंद आठ वर्षांपूर्वीची. म्हणून तर एवढ्या लांब आलात ना, की हा चौदापर्यंत पोचला म्हणजे आपलीही पोचेल — अगं, अशी बघू नकोस माझ्याकडे. तिथं वय एकदा लिहिलं की लिहिलं, नंतर कोण विचारायला येतं? तिथं तो सहाचाच आहे. इथं नववं लागलं आणि गेला. साध्या सर्दीचं निमित्त झालं. हो, त्यानंतरही रोज शोधत राहिले मी. त्याचं काही चुकलं नव्हतं, माझंही नव्हतं, एवढं कुणीतरी खात्रीनं लिहावं, बस, दुसरं काही नाही. तुझ्या मुलीचं वेगळं होईल, लवकर कळलंय तिचं — होईल, का नाही होणार. मला खूप बरं वाटेल.

पूस डोळे. फोनमध्ये असेल ना काही तिचं, दाखव. गोड आहे गं. केस तुझेच. कशाला हसतेय, नळाला? थांब, परत लाव. आधी डोळे मिटले, मग मान खांद्यावर टाकली, मग हसली — परत लाव जरा. असाच हसायचा तो. अगदी असाच, आवाज फुटायच्या आधी मान टाकायचा. आम्ही म्हणायचो, आजार आजाराच्या जागी, पण हे हसू माझ्या वडिलांचं, आजोबांवर गेलाय पोरगा. बाकी सगळं त्या अक्षरानं खाल्लं, हे एवढं तरी आमचं होतं, त्याचं स्वतःचं होतं, ह्याच्यावर मी दिवस काढले. म्हणजे तेही त्या अक्षराचंच का गं?

नको, काही बोलू नकोस. ये तू आता. ती उठली असेल.