पाठीचा रकाना

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं शिट्टी, तू होय! विहिरीतून बोलल्यासारखा का येतोय आवाज?... कपडे बदलायच्या खोलीतून? बरं, बरं. बोल.

…मी? मी जमिनीवर आहे… अगं पडले नाही! चटई टाकून आडवी झालेय. पलंगावर पाठ टेकवत नाही… ताप उतरला काल. पण पाठ म्हणजे… कुणीतरी मणके एकेक करून उपसलेत आणि घाईघाईत उलटे बसवलेत, असं वाटतंय… हो, मागच्या खोलीत, एकटी. हे दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवतात, दोनदा टकटक करतात आणि पळतात. बावीस वर्षं संसार केला, माणूस एवढा चपळ आहे हे आत्ता कळतंय.

…हस, हस. आधी मावशी कशी आहे ते सांग.

…हं… हं… ऑक्सिजन किती लावलाय?... दोन लिटर. आणि कालपासून वाढवावा लागला नाही ना?... नाही. चांगलं आहे. जेवली?... अर्धी वाटी. चालेल… तिची कूस कोण बदलतं?... काय म्हणाली?... "असं धरायला शिकवलं होतं का मी तुम्हाला?" मास्कमधून?... मग येईल ती घरी. अठरा वर्षं अख्ख्या वॉर्डाची कूस बदलली त्या बाईने, आता तिचीच बदलायची वेळ आली तर चुका काढणारच.

…नाही गं, रडत नाहीये. उताणं बोललं की नाक भरतं… तू बोल. फोन कशाला केलास? दोनची ड्युटी ना तुझी?

…पट्टा? कमरेचा?... चिकटपट्टी सुटते, हो, जुनीच तक्रार आहे ती. वर्षभर वॉर्डात एकच पट्टा फिरतोय सगळ्यांच्या कमरेला, सुटेल नाही तर काय… हे बघ, माझ्या कप्प्यात खालच्या बाजूला मोठी सेफ्टी पिन आहे. आडवी लाव. उभी लावलीस तर नऊ नंबरच्या आजोबांना उचलताना पोटात घुसेल… सापडली?... हं.

…थांब. शिट्टी, थांब जरा. तुला कशाला हवाय पट्टा?

…"असंच" म्हणजे? तू तर त्याला म्हाताऱ्यांचा दागिना म्हणायचीस… दुखतेय? कधीपासून?... काल संध्याकाळपासून… अगं हो, नऊ नंबरचे आजोबा जड आहेत, मला माहीत आहे… ऐक ना, मी विचारते तेवढंच सांग. वाकल्यावर दुखतं, की नुसती उभी राहिलीस तरी?... नुसती उभी राहिलीस तरी. आणि आडवी झालीस की थांबतं?... नाही थांबत. मांड्या?... पोटऱ्यासुद्धा… ताप?... नाही. कधी मोजलास?... सकाळी. बरं, मला सांग, त्या खोलीतला पंखा चालू आहे का आत्ता?

…का बंद केलास?

…सगळ्या घामाने निथळतायत आणि तुला गार वाटतंय. हं.

बस आधी… तिथे स्टूल आहे ना, बस त्याच्यावर… "नको, दोन वाजत आले" काय! अजून वीस मिनिटं आहेत, माझ्याही उशाशी घड्याळ आहे… बरं, उभी राहा. पण वॉर्डात जायचं नाही. कळलं?

…काय?... परत बोल… "ताई, तुम्हीच तर म्हणता, पाठ कुणाची दुखत नाही? रांगेत उभ्या राहा…"

…हो. म्हणते मी.

…नाही गं, रागावले नाही. खरंच आहे ते. ऐक. तू मंगळवारी सुट्टीवर होतीस, तुला माहीत नाही. सकाळी ड्युटीआधी मी वही घेऊन उभी. लक्षणांची, तीच. सगळ्यांना विचारायचं आणि लिहायचं. ताप, खोकला, घसा, वास. रकाने मीच आखलेत, पट्टी लावून, लाल पेनने. मावशी आली. म्हणाली, सिस्टर, ताप नाही, खोकला नाही, पण आज पाठ अशी धरलीय की उभं राहवत नाही. आणि मी… मी म्हणाले, मावशी, पाठीला रकाना नाही. रांगेत उभ्या राहा… सगळ्या हसल्या. तीसुद्धा हसली. मग मीच माझ्या हाताने तिला पट्टा बांधला. मास्क खाली, तोंडाशी तोंड, चहाचा कप बाजूला… आणि पाठवलं आजोबांना उचलायला.

…बुधवारी रात्री माझी पाठ धरली. मी काय केलं असेल? मलम चोळलं. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन मिरवणारी बाई मी, मलम चोळून गुरुवारी ड्युटीवर आले. दुपारी ताप चढला तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिलाही त्याच दुपारी आला.

…पट्ट्याचा दोष नाही गं. पट्टा बिचारा कापडाचा. आपण एकमेकींना बांधतो, ती मिनिटभराची जवळीक महाग पडली. आणि दुसऱ्या कुणाची पाठ दुखली असती, तर त्याने विचार केला असता, आज हे काय नवीन? आपण नाही करत. आपली रोजच दुखते ना. त्यामुळे नवीन दुखणं जुन्याच्या आड लपून बसलं.

…मी म्हणत नाही की तुला झालंच आहे. फोनवरून मला कसं कळणार? आजोबांनी पाठ मोडलेली असली तरी असंच दुखेल. म्हणून तर तळमजल्यावर जायचं आणि स्वॅब द्यायचा… कळेपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायचं नाही.

…हो, हो… अगं ऐक ना… दोघीच आहात हे समजलं मला… बारा पेशंट, समजलं… कोण म्हणेल कामचुकार?... म्हणू दे… शिट्टी, सात नंबरच्या आजी. परवाच ऑपरेशन झालंय ना?... कूस बदलताना त्यांचा हात कुठे असतो?... तुझ्या मानेभोवती. आणि त्यांचं तोंड?... सांग ना… खांद्यावर.

…काय म्हणालीस? मास्क असतो?

…हं. मास्क आहे, मान्य. मास्क घसरतोही. आजोबांना उचलताना तुझा किती वेळा घसरतो, ते मी पाहिलंय.

…दोन वाजताचं मी बघते. मेट्रनबाईंना फोन लावते, ऑपरेशन थिएटरमधून दोन माणसं मागते… देतील. नाही दिली तर ओरडेन. माझी पाठ गेलीय, तोंड नाही गेलेलं.

…अहो, ठेवा तिथेच! घेते नंतर!... काही नाही गं, ताट आलं. पळालेसुद्धा.

आता एक काम कर. तुझ्यासमोर टेबलावर वही आहे?... आजचं पान नको, आधी मंगळवारचं उघड. सापडलं?... शेवटच्या रकान्याच्या पुढे एक रेघ ओढ… पट्टी कशाला, हातानेच… वाकडी आली? येऊ दे. वर लिही, "पाठ".

…लिहिलंस? आता मावशीचं नाव बघ. तिच्यासमोर लिही, "होय". आणि शेऱ्यात… लिहितेस ना?... "सकाळी सांगितलं होतं. सिस्टरने हसण्यावारी नेलं, नोंद केली नाही"… लिही गं… नाही, "नजरचुकीने" नाही. नजर चुकली नव्हती माझी, मी तिच्याकडेच बघत होते. हसण्यावारी नेलं, असंच लिही… खाली आजची तारीख टाक, "फोनवरून सांगितल्याप्रमाणे" लिही आणि माझं नाव. सही मी आले की करीन.

…अगं वरच्या साहेबांनी काय बोलायचं ते बोलू दे. पण त्या दिवशी मावशीबरोबर कोण कोण होतं, ते त्यांना मंगळवारपासून शोधावं लागेल. ते अजून गुरुवारपासूनच मोजतायत.

…वाच आता परत… वाच म्हणजे काय, फोनवर सांगितलेलं वाचून दाखवायचं असतं, पहिल्या वर्षाला शिकवलं होतं ना?... हं… हं… "हसण्यावारी नेलं"… बरोबर. "नोंद केली नाही"… बरोबर.

…नाही, काही नाही. ऐकायला वेगळंच वाटतं.

आता बुधवारचं पान. माझं नाव. "होय, रात्रीपासून"… आणि आजचं. तिथेही रेघ ओढ. तुझं नाव लिही.

…शिट्टी?... लिही ना.

…अगं वेडे, रडायचं काय त्यात? स्वॅब घेणारा पोरगा म्हणेल, ताई, आधी नाक पुसून या… हं, हसलीस. लिहिलंस?... काय लिहिलंस, वाच… "होय". शाब्बास.

…पट्टा काढ. नाही, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, बाजूला पिशवीत टाक… आणि मावशीला निरोप पाठव… मी काय सांगू तिला?... सांग, म्हणावं, पाठीला रकाना काढलाय… नाही, नको. तेवढं नको. सांग, सिस्टरचं चुकलं. एवढंच. बाकीचं मी आले की तिची कूस बदलताना बोलेन. तेव्हा ती चुका काढेलच.

…हो, मेट्रनबाईंना लगेच लावते. तू तिथून कुणालातरी हाक मार, बरोबर घेऊन तळमजल्यावर जा. मास्क नीट वर घे… आणि तोपर्यंत… शिट्टी, तू अजून उभीच आहेस ना?... मला ऐकू येतंय, चपला वाजतायत तुझ्या. स्टूल ओढ… ओढ गं… हं, वाजलं… टेक. पाठ भिंतीला लाव… लावलीस?... कसं वाटतंय?

…हो. मलाही तसंच वाटतं. दोघींना वाटतंय. बस तशीच.

ठेवते.

…अहो! अहो, ऐकलंत का? दार उघडू नका, तिथूनच ऐका. मेट्रनबाईंचा नंबर सांगा जरा, माझा चष्मा टेबलावर राहिलाय आणि मला उठवत नाहीये… कोणाचा फोन? आमच्या शिट्टीचा… हो, तिचीही पाठ दुखतेय… नाही, नाही गेली ड्युटीवर. बसली.